घरचा संगणक : बदलावा की सुधारावा?



वसंतातल्या व्याख्यानांत संतवाङ्मय येते, इतिहास येतो, शेतीपाणी येते. परंतु घरच्या संगणकावर एक संध्याकाळ खर्च करावी असे आम्ही सुचविले, तेव्हा चालकमंडळींपैकी एकदोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांचे पाहणे गैर नव्हते. मात्र १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला तो, जे जे लोकांच्या जीवनात शिरत आहे त्याचा विचार लोकांनी चारचौघांत बसून करावा म्हणून, असे आम्ही समजतो. संगणक आता आपल्या घरांत शिरला आहे. सातबारा त्याच्यावर निघतो, पीकविम्याचा अर्ज त्याच्यावर भरतो, मुलांच्या परीक्षा त्याच्यावर होतात. तेव्हा तो कधी बदलावा आणि कधी बदलू नये, हा प्रश्न नांदूरघाटच्या माणसाचाही आहे.

हा प्रश्न आमच्या घरी कसा आला, ते आधी सांगतो. आमच्या बैठकीच्या खोलीत २०१४ साली घेतलेला एक संगणक आहे. त्याच्यावर घरातली मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, आम्ही पत्रे लिहितो, शेताचा हिशेब ठेवतो. यंत्राबद्दल कोणाची तक्रार नव्हती. परंतु २०२५ सालच्या उन्हाळ्यापासून पडद्यावर एक सूचना झळकू लागली. तिचा आशय असा की, विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत आहे आणि आपला संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. पात्र नाही! बैल धडधाकट आहे, औत ओढतो आहे, रवंथ करतो आहे. आणि बाजारातून कोणी येऊन सांगतो की, हा बैल उद्यापासून बैल नव्हे. आमची स्थिती त्या बैलाच्या धन्यासारखी झाली.

पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याला विचारले. तो म्हणाला, “काका, अकरा वर्षे झाली. टाका आता तो डबा. चाळीस-पंचेचाळीस हजारांत उत्तम येतो.” पुतण्याचा हेतू चांगलाच होता. पण चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये म्हणजे आपल्या भागात काय, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातली वाडी-वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीला निघते आणि घेतलेली उचल फेडता फेडता हंगाम सरतो. सोयाबीन काढणीला आले की पाऊस येतो, आणि पेरणीला हवा असतो तेव्हा येत नाही. अशा मुलखात कोणी ‘टाका’ म्हटले म्हणून टाकावयाचे, आणि ‘घ्या’ म्हटले म्हणून घ्यावयाचे, ही चैन परवडणारी नाही. म्हणून आम्ही ठरविले की, आधी समजून घ्यावे आणि मग खिशात हात घालावा. जे समजले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट ही की, नवे यंत्र घरी येईपर्यंत जुने ठरावे, हे दुःख आपले एकट्याचे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी १९५५ च्या सुमारास एक संगणक बांधावयास घेतला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. एवढ्या मोठ्या यंत्राची स्मृती म्हणाल तर चाळीस चाळीस बिटांचे २,०४८ शब्द. आजच्या मोजमापाने दहा किलोबाइट. आपल्या भ्रमणध्वनीतले एक साधे छायाचित्र तिच्यात मावणार नाही. १९६० साली ते यंत्र पुरतेपणी कामाला लागले आणि पुढे पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. परंतु ते उभे राहीपर्यंत परदेशांत ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक बाजारात आले होते. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा कितीतरी वेगवान संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस संपले.

मग ती पाच वर्षे फुकट गेली काय? मुळीच नाही. संगणक कसा बांधतात, कसा चालवितात, बिघडला तर कोठे हात घालावयाचा, हे ज्ञान त्या यंत्राने माणसांना दिले आणि यंत्र गेल्यावरही ते राहिले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आरंभी सांगितली. यंत्र जुने होते. यंत्रावर शिकलेले आणि यंत्रात लिहिलेले जुने होत नाही. व्याख्यानाच्या शेवटी आम्ही पुन्हा येथेच येणार आहोत.

आता ही घोडदौड इतकी जोराची का, ते पाहू. १९६५ साली गॉर्डन मूर या अमेरिकन तज्ज्ञाने असे अनुमान मांडले की, एका चकतीवर बसविता येणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या दरसाल दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी ती मुदत दोन वर्षांची केली. सावकाराचे चक्रवाढ व्याज ज्यांनी पाहिले आहे त्यांना दुपटीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९७१ साली निघालेल्या इंटेल ४००४ या चकतीवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० साली निघालेल्या ॲपलच्या एम-१ चकतीवर १,६०० कोटी. म्हणजे पन्नास वर्षांच्या आत सुमारे सत्तर लाख पट! मानवाच्या दुसऱ्या कोणत्या वस्तूने अशी वाढ दाखविली असेल असे आम्हांस वाटत नाही.

परंतु या वाढीचे दोन कालखंड आहेत आणि त्यांतला फरक दुकानदार सांगत नाही. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक निघाला तेव्हा त्याच्या मेंदूचे ठोके सेकंदाला सुमारे ४८ लाख होते. २००४ साली तेच ठोके ३८० कोटींवर गेले. तेवीस वर्षांत आठशे पट. त्या काळात दहा वर्षांचा संगणक खरोखरच टाकाऊ होई. नव्या कामाला तो उभाच राहत नसे. पण पुढे उष्णता आडवी आली. ठोके वाढवावेत तर चकती तापते. ती थंड कशी करावी हा प्रश्न सुटेना. म्हणून पुढच्या वीस वर्षांत ठोक्यांचा वेग दुपटीलाही पोचला नाही. कारखानदारांनी मग वेगळा मार्ग धरला: एकाऐवजी दोन, चार, आठ मेंदू एकाच चकतीवर बसविले आणि एका ठोक्यात अधिक काम होईल अशी रचना केली. चित्रपटांचे संकलन करणाऱ्याला, मोठी गणिते सोडविणाऱ्याला याचा फार उपयोग आहे. पण पत्र लिहिणाऱ्याला आठ मेंदू देऊन काय उपयोग? त्याचे पत्र त्याच्या स्वतःच्या मेंदूपाशी अडलेले असते.

तात्पर्य, १९८५ चा संगणक १९९५ साली जितका म्हातारा होता, तितका २०१५ चा संगणक २०२५ साली म्हातारा नव्हता. आपली समजूत मात्र जुन्या काळातलीच राहिली आहे, आणि त्या समजुतीवर बाजार चालतो.

मग आपला संगणक रखडतो का? निक्लाउस विर्थ या स्विस पंडिताने १९९५ सालीच असे दाखवून दिले होते की, यंत्रे जितक्या वेगाने सुधारतात त्याहून अधिक वेगाने आज्ञावल्या जड होत जातात. सुनेच्या हाती चार जादा भांडी आली की ती चारही खरकटी होतात, असे आमची आजी म्हणत असे. आज्ञावली लिहिणाऱ्यांचेही तसेच आहे. स्मृती मुबलक आहे म्हटल्यावर ते मुबलक खर्च करतात. त्यामुळे काम तेच असूनही यंत्राला ते जड होते. हे जडपण यंत्राच्या नेमक्या कोणत्या अवयवाला सोसत नाही, हे शोधणे ही खरी विद्या आहे.

त्यासाठी संगणकाच्या पोटात डोकावू. आपण शेतकरी माणसे. खळ्याच्या भाषेत सांगतो. प्रोसेसर म्हणजे मळणी करणारे हात. रॅम म्हणजे खळे. ज्याच्यावर काम चालले आहे तेवढा माल तेथे पसरलेला असतो. हार्ड डिस्क म्हणजे पेव. सगळे धान्य जमिनीखाली साठविलेले, पण हवे असले की तोंड उघडा, आत उतरा, टोपले भरा, वर या. आता समजा, खळे इवलेसे आहे. मळणाऱ्यांचे हात कितीही चपळ असले तरी थोडा माल पसरला की जागा संपते. मग निम्मा उचलून पेवात टाका, दुसरा काढा, पुन्हा पहिला आणा. सगळा दिवस वाहतुकीत जातो. अशा वेळी मळणीला दोन गडी जास्त लावून काय होणार? खळे मोठे केले पाहिजे, किंवा पेवाच्या जागी हाताशी असलेली कणगी केली पाहिजे.

ही नुसती उपमा नाही, आकडे पाहा. घरच्या संगणकातली फिरती हार्ड डिस्क मिनिटाला बहुधा ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद. शिवाय सुईला सरकावयास आठ-दहा मिलिसेकंद. अशा रीतीने विखुरलेल्या जागांवरच्या नोंदी ती सेकंदाला सत्तर-ऐंशी वाचू शकते. संगणक सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक नोंदी वाचाव्या लागतात. आता एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारे काहीच नाही. नोंद हाती येण्यास मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. म्हणजे शंभरपटीहून अधिक फरक. एवढा फरक प्रोसेसर बदलूनही पडत नाही.

आम्ही हा प्रयोग २०२३ साली केला होता. त्यापूर्वी आमचे यंत्र सुरू करावयाचे, मग चहा टाकावयाचा, चहा पिऊन व्हावयाचा, तरी पडद्यावर चक्र फिरतेच. टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर स्वस्थ बसलेला आणि डिस्क शंभर टक्क्यांवर धापा टाकीत असलेली. रॅमही चारच जीबी. अंबाजोगाईहून एक एसएसडी आणि आठ जीबीची रॅमची पट्टी आणली. दोन्ही मिळून चार हजार रुपयांच्या आत काम झाले. त्या दिवसापासून यंत्र अर्ध्या मिनिटात उभे राहते. आमचा चहा मात्र त्यामुळे सुटला नाही.

ज्यांना असे करावयाचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. पहिली, पेटी उघडून धूळ काढा. आपल्याकडचा फुफाटा आणि चैत्र-वैशाखाचे ऊन एकत्र आले की पंखा गुदमरतो. तापलेला प्रोसेसर जीव वाचविण्यासाठी आपणहून मंद चालतो, आणि आपण म्हणतो यंत्र जुने झाले. दुसरी, रॅमची पट्टी घेण्यापूर्वी जुनी पट्टी बरोबर न्या. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ या पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकीची पट्टी दुसरीच्या जागेत बसत नाही आणि बसवू पाहिल्यास मोडते. तिसरी, प्रोसेसर बदलण्याच्या भानगडीत सहसा पडू नये. त्यासाठी मदरबोर्ड बदलावा लागतो, मदरबोर्डासाठी रॅम, आणि मग जुनी म्हणून उरते ती नुसती पेटी. चौथी, विजेचा भरवसा नसलेल्या गावात यूपीएसवर खर्च केलेला रुपया वाया जात नाही. लिहिता लिहिता वीज जाणे हे यंत्राच्या म्हातारपणापेक्षा वाईट.

येथे कोणी म्हणेल, थांबावे की. सुटे भाग दरवर्षी स्वस्त होतात. अनेक वर्षे हा नियम खराही होता. परंतु २०२५ च्या अखेरीस तो उलटला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी स्मृतीच्या चकत्यांना मागणी आली, कारखाने तिकडे वळले, आणि रॅमचे भाव भराभर चढले. मायक्रॉन या मोठ्या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये, ‘क्रुशिअल’ या नावाने चालणारा घरगुती ग्राहकांचा आपला व्यवसाय बंद करीत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेतल्या यंत्रशाळांनी रॅम खाल्ली म्हणून केजच्या दुकानात पट्टी महागते, हे आजचे अर्थशास्त्र आहे. म्हणून ‘नेहमी थांबावे’ हाही नियम नाही आणि ‘लगेच घ्यावे’ हाही नाही. काम कोठे अडले आहे, एवढेच पाहावे.

आता त्या सूचनेकडे येऊ. २०२३ मध्ये धडधाकट झालेले यंत्र २०२५ मध्ये अपात्र कसे ठरले? विंडोज ११ ने दोन अटी घातल्या. यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची चकती असावी, आणि प्रोसेसर तिने मान्य केलेल्या पिढीचा असावा. इंटेलचे २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. म्हणजे यंत्र थकले म्हणून नव्हे, तर दारावरचा नियम बदलला म्हणून ते बाहेर राहिले. या नियमामागे सुरक्षेचा विचार आहे, तो आम्ही नाकारीत नाही. ज्या प्रणालीची डागडुजी थांबली आहे तिच्यावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराआड दागिने ठेवून झोपणे होय. तेव्हा ‘काही होत नाही, चालू द्या’ असे सांगणाऱ्या शेजाऱ्याचे ऐकू नये. चालत आहे म्हणजे सुरक्षित आहे असे नव्हे.

मार्ग तीन आहेत. घरगुती वापरासाठी कंपनीने सुरक्षेच्या डागडुजीची मुदत नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली. हा श्वास घेण्यापुरता अवधी आहे, मुक्काम नव्हे. दुसरा मार्ग लिनक्सचा. ही प्रणाली विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावर हलकी चालते आणि तिच्यात मराठी उत्तम लिहिता येते. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स भारतीय भाषांसाठी काढली आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांनी तर मुक्त प्रणालींवरच मुलांना शिकविले आहे. सवय मोडावयास आम्हांस पंधरा दिवस लागले, मुलीला दोन. आज आमचे यंत्र याच मार्गावर आहे. तिसरा मार्ग नव्या यंत्राचा, आणि तोही कित्येकांना घ्यावाच लागेल. ज्याचा हिशेबाचा किंवा आराखड्यांचा धंदा विंडोजवाचून चालत नाही, ज्याचा मुलगा अभियांत्रिकीला आहे आणि ज्याला यंत्र दिवसातून आठ तास लागते, त्याने जुन्याला कवटाळून बसू नये. काटकसर आणि कंजुषी यांत फरक आहे. जे यंत्र दररोज एक तास वाया घालविते ते वर्षात साडेतीनशे तास खाते. असे यंत्र स्वस्त कसे म्हणावे?

नवे घेतलेच, तर जुन्याचे काय करावे? माळ्यावर टाकू नये. गावात कितीतरी मुले अशी आहेत की ज्यांनी कळफलकावर बोट ठेवलेले नाही. आई-बाप कारखान्याच्या तळावर आणि मूल आजीपाशी. त्याच्या हाती भ्रमणध्वनीही वाट्याने येतो. तुमच्या घरी अपात्र ठरलेले यंत्र त्याच्या घरी पहिले यंत्र ठरेल. आणि जे खरोखरच मोडले ते भंगारवाल्याला देऊन त्याने तांब्यासाठी उकिरड्यावर जाळावे, असे होऊ देऊ नये. त्या धुरात विष असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांपर्यंत पोचविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवे घेताना जुने परत घेणार काय, हे दुकानदाराला विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

श्रोतेहो, आतापर्यंत यंत्राचे बोललो. आता जे आम्हांला खरोखर सांगावयाचे आहे ते सांगतो.

आमचे वडील शिक्षक होते. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि पुढे एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले. निवृत्तीनंतर ते अशा एका वर्गाला नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसले. २००३ साली आम्ही पहिला संगणक घेतला तो त्यांच्यासाठीच. १२८ एमबी रॅम, ४० जीबी डिस्क, विंडोज एक्सपी. त्यावर त्यांनी आठ वर्षे लिहिले. १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामे, बारव कोणी बांधली, कोणत्या घराण्याचे मूळ गाव कोणते, आमच्या आजीला येत असलेल्या जात्यावरच्या ओव्या. एका बोटाने टंकलेली अशी दोनशेच्या वर पाने होती. २०११ साली ते गेले.

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला आणि आम्ही नवे यंत्र घेतले. ते बसवावयास आलेल्या मुलाने विचारले, “जुन्यातले काय ठेवायचे आहे?” आम्ही नव्या यंत्राकडे पाहत होतो. म्हणालो, “फोटो तेवढे घे.” त्याने छायाचित्रे घेतली आणि डिस्क पुसून टाकली. वडिलांची पाने आम्हांस महिन्याने आठवली. त्यातली ऐंशी-नव्वद त्यांनी छापून फडताळात ठेवली होती म्हणून वाचली. काही एका जुन्या सीडीवर सापडली. पण उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. ओव्या कोठेच नव्हत्या. दोष त्या मुलाचा नाही. त्याने विचारले होते.

तो चिवडा का झाला, हे प्रत्येक मराठी माणसाने समजून घ्यावे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले आणि विंडोज २००० पासून ती घरच्या संगणकात पोचली. तरीही पुढे कित्येक वर्षे आपण श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा टंकांत लिहीत राहिलो. त्या टंकांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठविला जात नसे. एखाद्या रोमन चिन्हाच्या जागेवर ‘क’ चे चित्र बसविलेले असे. टंक आहे तोवर मराठी. टंक गेला की मुखवटा गळतो आणि खालचे रोमन चिन्ह उघडे पडते. आमच्या सुदैवाने त्या टंकाची ओळख पटली, रूपांतर करणारी आज्ञावली मिळाली आणि चाळीसेक पाने पुन्हा मराठी झाली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी, शाळेत, ग्रामपंचायतीत, पतपेढीत असे जुने लिखाण पडले असेल, त्यांनी यंत्र बदलण्यापूर्वी ते युनिकोडमध्ये आणून ठेवावे. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात, आणि महत्त्वाचे असेल ते कागदावरही छापावे. एसएसडीवर विसंबून राहू नये; ती मरते तेव्हा फिरत्या डिस्कसारखी खडखडून आगाऊ सूचना देत नाही.

आपल्या शेजारच्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. १६१५ साली ते समाधिस्थ झाले. म्हणजे कापडाच्या त्या लांबलचक पटावर लिहिलेली अक्षरे चारशे वर्षांपलीकडची आहेत, आणि अजून वाचता येतात. आमच्या वडिलांचे लिखाण अकरा वर्षेही टिकले नाही. यंत्र चांगले होते, डिस्क चांगली होती. विचारले तेव्हा आम्ही उत्तर नीट दिले नाही, एवढेच.

म्हणून समारोपादाखल तीनच प्रश्न आपल्या पदरी बांधतो. यंत्र बदलण्याचा विचार मनात आला की स्वतःला विचारा: आमचे काम कोठे अडते आहे? तेवढाच भाग बदलून ते सुटेल काय? आणि या यंत्रात असे काय आहे, की जे बाजारात पुन्हा विकत मिळणार नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली तर पैसे जातील. ते पुढच्या हंगामात कदाचित परत येतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र घाईने देऊ नका.

आमच्या आजीच्या ओव्या येथे कोणा वृद्ध भगिनींना येत असतील, तर व्याख्यान संपल्यावर त्यांनी कृपा करून थांबावे. आम्ही वही आणली आहे. आणि जे लिहून घेऊ त्याच्या दोन प्रती करू.